नेम, संवाद आणि आचार : व्यक्तिगत प्रार्थनेच्या आत्मपरीक्षणाची प्रस्तावना

व्यक्तिगत प्रार्थना हा धर्मजीवनाचा असा भाग आहे, ज्याची नोंद इतिहासात सर्वांत कमी सापडते आणि ज्याचा ठसा माणसाच्या स्वभावावर मात्र खोलवर उमटतो. देवस्थानाच्या उत्सवाला तिथी असते, पालखीला मार्ग असतो, मानकऱ्यांना क्रम असतो आणि सनदा, वह्या, शिलालेख यांतून त्यांचा मागोवा घेता येतो. परंतु एखादी व्यक्ती एकटी असताना आपल्या आराध्यापुढे जे बोलते, जे मागते, जे कबूल करते किंवा काहीच न बोलता बसून राहते, त्याला साक्षीदार नसतो. प्रस्तुत विवेचनात ‘प्रार्थनाजीवन’ ही संज्ञा या सर्व एकांतिक व्यवहारासाठी वापरली आहे : ठरलेल्या वेळी म्हटलेला हरिपाठ किंवा स्तोत्र, मनातल्या मनात चाललेला नामजप, संकटात निघालेली हाक, केलेल्या चुकीची कबुली आणि विनाकारण दाटून आलेली कृतज्ञता, हे सारे तिच्यात येते. हा व्यवहार आपण कशासाठी करतो, त्यात खंड कशामुळे पडतो आणि त्यातून आपल्या वागण्यात काय बदलते, याचा माणसाने स्वतःशी प्रामाणिक राहून घेतलेला शोध म्हणजे प्रार्थनेचे आत्मपरीक्षण होय.

असा शोध वरवर सोपा वाटला तरी त्यात दोन अडचणी असतात. पहिली अशी की, स्वतःच्या प्रार्थनेकडे पाहू लागलेला माणूस लवकरच तिची मोजदाद करू लागतो. किती माळा झाल्या, किती पारायणे झाली, किती वर्षांत एकादशी चुकली नाही, हा हिशेब वाढत जातो आणि ज्याच्यासाठी तो मांडला तो आराध्य हळूहळू बाजूला पडतो. दुसरी अडचण याच्या उलट आहे. मन लागत नाही, डोळे मिटले की घरचे कर्ज आणि कामावरचे वाद आठवतात, असे अनुभवल्यावर माणूस स्वतःला अपात्र ठरवतो आणि प्रार्थना सोडून देतो. आत्मस्तुती आणि आत्मधिक्कार या दोन्ही टोकांवर माणूस शेवटी स्वतःकडेच पाहत असतो. मराठी भक्तिपरंपरेने या अडचणीतून जी वाट काढली, तिच्यात परीक्षण प्रार्थनेच्या बाहेर उभे राहून होत नाही. ते आराध्याच्या समोर, त्यालाच उद्देशून होते. हे सूत्र समजून घेण्यासाठी पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांमधला व त्यांच्या आसपासचा प्रदेश, म्हणजे आज पिंपरी-चिंचवड आणि चाकण या नावांनी ओळखला जाणारा औद्योगिक पट्टा, विशेष उपयोगी आहे.

कारखान्यांचा पट्टा आणि एकांतातली प्रार्थना यांचा संबंध प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. तथापि पवनेच्या काठी चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे, इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी आहेत, चाकण हे तुकाराम महाराजांचे टाळकरी व लेखक संताजी जगनाडे यांचे गाव आहे, आणि देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतर भोसरी, आकुर्डी, चिखली, तळवडे, मोशी ही शेतीची गावे बघता बघता वसाहतींनी वेढली गेली. १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे मोटारउद्योगाने चाकणचे माळही व्यापले. इतक्या थोड्या अंतरात प्रार्थनेच्या इतक्या भिन्न परंपरा आणि इतके यंत्रबद्ध जीवन एकत्र असण्याची उदाहरणे महाराष्ट्रात फार नाहीत. या परंपरांकडे प्रार्थनेच्या दृष्टीने पाहिले असता तीन तत्त्वे ठळकपणे दिसतात : नेम, संवाद आणि आचार. आत्मपरीक्षण करू पाहणाऱ्याने स्वतःला विचारावयाचे प्रश्नही याच तीन तत्त्वांतून निघतात.

पहिले तत्त्व नेमाचे. नेम म्हणजे स्वतःहून स्वीकारलेले आणि मनाच्या लहरीवर न सोडलेले आचरण. चिंचवडची गाणपत्य परंपरा, म्हणजे गणपतीला परब्रह्म मानणारी उपासना, या तत्त्वावर उभी आहे. मोरया गोसावींच्या कालनिश्चितीबाबत अभ्यासकांत मतभेद असले तरी त्यांच्या उपासनेचे परंपरेने जपलेले रूप स्पष्ट आहे : चिंचवडहून मोरगावच्या मयूरेश्वराच्या दर्शनाला जाण्याचा नेम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला, आणि वार्धक्यामुळे तो निभेनासा झाला तेव्हा कऱ्हा नदीत स्नान करताना त्यांच्या ओंजळीत मूर्ती आली, तीच चिंचवडला आणून स्थापिली, अशी श्रद्धा आहे. आजही भाद्रपद आणि माघ महिन्यांत मंगलमूर्तींची स्वारी चिंचवडहून मोरगावला जाते आणि मार्गशीर्ष वद्य षष्ठीच्या सुमारास समाधी महोत्सव होतो. या कथेतील चमत्काराकडे कोणी कोणत्याही दृष्टीने पाहो, तिच्यात प्रार्थनेविषयीचे एक सूक्ष्म निरीक्षण दडलेले आहे. पायांची शक्ती असेपर्यंत उपासकाने नेम सांभाळला आणि ती संपल्यावर उपास्याने त्याला सांभाळले, असे ती सांगते. म्हणजेच नेमाचे मोल तो अखंड पार पडण्यात जितके आहे, तितकेच तो न निभल्यावर जी व्याकुळता उरते तिच्यातही आहे.

नेमाविषयी आधुनिक वाचकाच्या मनात एक शंका असते की, ठरावीक वेळी ठरावीक शब्द म्हणणे हे यांत्रिक होय आणि खरी प्रार्थना उत्स्फूर्तच असली पाहिजे. ही शंका पूर्णपणे चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. इस्लाममध्ये ठरलेल्या पाच वेळांची नमाज आणि स्वतःच्या शब्दांत केलेली दुआ या दोहोंना स्थान आहे. ख्रिस्ती मठांतही प्रहरांप्रमाणे म्हणावयाच्या स्तोत्रांबरोबर मूक प्रार्थनेची परंपरा वाढली. फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत येऊन वसलेल्या सिंधी समाजात झुलेलालाच्या उपासनेचे चाळीस दिवसांचे ‘चालीहो’ हे व्रत पाळले जाते, आणि ज्या कुटुंबांचे गाव, घर, नदी असे सगळेच मागे राहिले, त्यांना सोबत आणता येण्याजोगे जे थोडे होते त्यांत असा नेम होता. उत्स्फूर्तता ही मनाच्या भरतीवर अवलंबून असते; ओहोटीच्या काळात माणसाला जे धरून ठेवते ते नेमाचेच बळ असते.

दुसरे तत्त्व संवादाचे, आणि त्याचे सर्वांत समृद्ध रूप देहूला सापडते. तुकाराम महाराजांचा जन्म १६०८ सालचा मानला जातो. वाण्याचा व्यवसाय, घरातील विठ्ठलभक्तीचा वारसा, १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ, त्यात अन्नावाचून गेलेली पहिली पत्नी, बुडालेला व्यापार आणि समाजात झालेली नाचक्की, या सर्वांतून त्यांचे प्रार्थनाजीवन घडले. देहूच्या परंपरेत सांगितला जाणारा एक प्रसंग येथे जवळून पाहण्यासारखा आहे. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते, म्हणजे कर्जाचे कागद, तुकारामांनी काढले. धाकटे बंधू कान्होबा यांचा त्यांत वाटा होता, म्हणून त्यांचे निम्मे कागद त्यांच्या हाती दिले आणि स्वतःच्या वाट्याचे निम्मे इंद्रायणीत बुडवले. वैराग्याच्या भरात भावाचा हक्क बुडवला नाही आणि भावाच्या हक्काचे निमित्त करून स्वतःची सुटकाही टाळली नाही. पुढे ज्या अभंगांतून ते देवाशी निर्वाणीचे बोलले, त्या अभंगांचा कस या वाटणीत आधीच लागला होता.

यानंतर ते एकांतासाठी जवळच्या डोंगरांवर जाऊ लागले. भंडारा, घोरावडा आणि भामचंद्र ही तीन स्थाने परंपरेत प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी भामचंद्र डोंगर चाकणच्या औद्योगिक क्षेत्राला लागून आहे आणि तेथे पंधरा दिवसांच्या अनुष्ठानानंतर त्यांना साक्षात्कार झाला, असे वारकरी मानतात. डोंगरावरील कातळात खोदलेल्या लेण्यांतून आज खाली पाहिले तर शेते, रस्ते आणि कारखान्यांचे पत्रे एकाच नजरेत येतात. या डोंगराच्या परिसराचे पावित्र्य राखावे म्हणून वारकऱ्यांनी आंदोलनेही केली आहेत. एकांतासाठी निवडलेली जागा जपण्यासाठी लोकांनी एकत्र यावे, हे वरवर विसंगत वाटले तरी अर्थपूर्ण आहे, कारण प्रार्थना एकट्याने करावयाची असली तरी तिच्यासाठी लागणारी शांतता समाजालाच राखावी लागते.

तुकारामांची गाथा, म्हणजे सुमारे साडेचार हजार अभंगांचा संग्रह, भक्तिकाव्य म्हणून वाचली जाते आणि समाजचिंतन म्हणूनही. परंतु तिचे एक मोठे अंग असे आहे की ते प्रार्थनाजीवनाचे आत्मकथनच होय. या अभंगांत तुकाराम स्वतःच्या मनाची चंचलता मांडतात, लोक साधू म्हणून मान देतात तेव्हा आपल्या आत काय चालले आहे ते आपल्यालाच ठाऊक, असे सांगतात, दर्शन होत नाही म्हणून विठ्ठलाशी भांडतात, त्याला कंजूष ठरवतात, त्याच्या नावाला बट्टा लागेल असा धाक घालतात, आणि पुन्हा लेकराच्या हक्काने त्याच्याच पायाशी येऊन बसतात. येथे आत्मपरीक्षण आहे, पण ते अंधाऱ्या खोलीत स्वतःशी घातलेला वाद नाही; प्रत्येक कबुलीला ऐकणारा कोणी समोर आहे. म्हणूनच या आत्मनिंदेला निराशेचे विष चढत नाही आणि पुढे येणाऱ्या तृप्तीच्या अभंगांना अहंकाराचा वास लागत नाही. गुरुदेव रा. द. रानडे यांनी ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात तुकारामांच्या आध्यात्मिक वाटचालीतील या अंधाऱ्या टप्प्याकडे विशेष लक्ष वेधले, आणि पाश्चात्त्य साक्षात्कारी संतांनी वर्णिलेल्या आत्म्याच्या काळरात्रीशी त्याचे साम्य दाखविले.

भक्तिशास्त्रात या अवस्थेला आत्मनिवेदन म्हणतात. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य आणि सख्य यांनंतरची ही नववी भक्ती होय. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण करताना आत्मनिवेदनाचा संबंध थेट ‘मी कोण’ या विचाराशी जोडला आहे. स्वतःला अर्पण करावयाचे तर जे अर्पण करावयाचे ते आधी तपासून पाहिले पाहिजे, असा हा साधा आणि कठोर तर्क आहे. ख्रिस्ती परंपरेत संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ४०० च्या सुमारास लिहिलेले आत्मनिवेदनही आरंभापासून अखेरपर्यंत ईश्वराला उद्देशून आहे, आणि सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाचा आढावा ईश्वराच्या सान्निध्यात घेण्याची पद्धत घालून दिली. काळ, भाषा आणि दैवत वेगळे असूनही आत्मपरीक्षण संवादरूप असावे, याविषयी या परंपरांचे एकमत दिसते.

हा संवाद एकट्याचा असला तरी तो जपला गेला तो इतरांमुळे. चाकणचे संताजी जगनाडे हे तेलाचा व्यवसाय करणारे गृहस्थ. त्यांनी तुकारामांचे अभंग लिहून ठेवले आणि त्यांच्या वह्या गाथेच्या अभ्यासात महत्त्वाच्या मानल्या जातात. त्यांची समाधी सुदुंबरे येथे आहे. बहिणाबाई या तुकारामांच्या शिष्या, १६२८ साली जन्मलेल्या, पती आणि कुटुंबासह देहूला आल्या आणि त्यांनी स्वतःच्या जीवनाची हकिकत अभंगांत सांगितली. पतीचा रोष, संसाराचे कर्तव्य आणि विठ्ठलाची ओढ यांच्यामधली कुतरओढ त्यांनी ज्या स्पष्टतेने मांडली, ती मराठी स्त्रीच्या प्रार्थनाजीवनाचा एक आद्य दस्तऐवज ठरली. लिहू न शकणाऱ्या स्त्रियांची प्रार्थना जात्यावरच्या ओव्यांत राहिली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने मुळशी-मावळासह महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. पहाटे दळताना विठ्ठलाला भाऊ किंवा बाप म्हणणारी, त्याच्याजवळ माहेरची आणि सासरची गाऱ्हाणी मांडणारी ही स्त्री पूजेसाठी वेगळा वेळ मागत नव्हती. तिला तो मिळणारही नव्हता. हातातले काम आणि ओठांवरची प्रार्थना यांची सांगड घालण्याची ही रीत पुढे कारखान्याच्या काळातही उपयोगी पडणारी होती.

एकोणिसाव्या शतकात हा संवाद नव्या रूपाने शहरी सुशिक्षितांपर्यंत पोहोचला. १८६७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्तिपूजा आणि पुरोहितांची मध्यस्थी बाजूला ठेवून एकेश्वराच्या प्रार्थनेला मध्यवर्ती स्थान दिले, तरी उपासनेच्या शब्दांसाठी तो तुकारामांच्या अभंगांकडेच वळला. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पहाटेच्या प्रार्थनेचे जे चित्र येते, त्यात विद्वान न्यायाधीशाची जागा अभंगात रंगून गेलेल्या भक्ताने घेतलेली दिसते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी रोजनिशीत स्वतःच्या मनाची झडती घेतली आणि त्याच वेळी अस्पृश्यतानिवारणाच्या कार्याला आयुष्य वाहिले. शिंद्यांच्या उदाहरणात प्रार्थना, आत्मपरीक्षण आणि लोकसेवा या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि येथूनच विवेचन तिसऱ्या तत्त्वाकडे वळते.

तिसरे तत्त्व आचाराचे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा अवधी होता. तुकारामांच्या देहूपासून अगदी जवळ घडलेल्या या घटनेने प्रार्थनेचा अर्थ एका वेगळ्या बाजूने स्पष्ट केला. बौद्ध वंदनेत सृष्टिकर्त्या ईश्वराकडे याचना नसते. त्रिशरण म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांचा आश्रय, आणि पंचशील म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यादी मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याचा स्वतः उच्चारलेला संकल्प. येथे म्हणणारा माणूस दुसऱ्याला काही करावयास सांगत नाही; तो स्वतःला बांधून घेतो. त्यामुळे वंदनेचे परीक्षणही सोपे आणि कठोर होते, कारण सकाळी उच्चारलेले शील संध्याकाळपर्यंत पाळले की नाही, एवढाच प्रश्न उरतो. ईश्वर मानणाऱ्या उपासकानेही हा प्रश्न उसना घ्यावा इतका तो मोलाचा आहे. तुकारामांनीही भजन करून परपीडा करणाऱ्याची गय केलेली नाही. या अर्थाने देहू आणि देहूरोड यांच्यामधले अंतर नकाशावर आहे तितकेच थोडे आहे.

नेम, संवाद आणि आचार ही तत्त्वे आजच्या औद्योगिक जीवनात कशी उतरतात, हा या विषयाचा जिवंत प्रश्न आहे. शेतकऱ्याचा आणि वारकऱ्याचा नेम सूर्य, तिथी आणि ऋतू यांना बांधलेला होता. कामगाराचा दिवस शिफ्टला बांधलेला असतो. कार्तिकात गावात पहाटे काकडा, म्हणजे देवाला जागवणारी आरती, सुरू होते तेव्हा फर्स्ट शिफ्टचा कामगार कंपनीच्या बसची वाट पाहत उभा असतो आणि थर्ड शिफ्टचा अजून मशीनवर असतो. शिफ्ट आठवड्याने बदलली की झोपेची, जेवणाची आणि पूजेचीही वेळ बदलते. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि दत्त, स्वामी समर्थ व साईबाबा यांच्या उपासनेचा वारही गुरुवारच असल्याने त्या दिवशीच्या आरतीला कामगारांची उपस्थिती साधते. इतर दिवशी मात्र प्रार्थनेला मिळेल त्या फटीत जागा शोधावी लागते. बसच्या प्रवासात कानाला लावलेला हरिपाठ, लॉकरच्या आतल्या बाजूला चिकटवलेला फोटो, यंत्र सुरू करण्यापूर्वी नकळत कपाळाकडे जाणारा हात, ही या प्रार्थनेची रूपे आहेत. गावाकडून आलेल्या, भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहणाऱ्या कंत्राटी तरुणाला एकांत नावाची गोष्टच उपलब्ध नसते. त्याची प्रार्थना गर्दीतच होते आणि ती कमी प्रतीची मानण्याचे कोणतेही कारण परंपरेत सापडत नाही, कारण नामस्मरणाला स्थळ-काळाचे बंधन नाही असे सर्व संतांनी सांगितले आहे. ज्याचा वेळ दुसऱ्याच्या हातात आहे, त्याने नेम घड्याळापेक्षा प्रसंगाला बांधावा, म्हणजे कामावर निघताना, काम सुरू करताना आणि घरी परतल्यावर, हा या परिस्थितीतून निघणारा व्यवहार्य मार्ग आहे.

आचाराची कसोटी याच ठिकाणी सर्वांत तीव्र होते. खंडेनवमीला या पट्ट्यातील कारखान्यांत यंत्रे धुऊनपुसून घेतात, त्यांना हळद-कुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात आणि नारळ फोडतात. वर्षभर ज्या यंत्रावर पोट चालते त्याच्याविषयीची ती खरी कृतज्ञता असते. पॉवर प्रेस, म्हणजे पत्र्याला दाब देऊन आकार देणारे यंत्र, याच्यावर काम करणाऱ्याला बोटे गमावण्याचा धोका असतो हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याच्यापुढे हात जोडणाऱ्याच्या मनात हात शाबूत राहावेत ही प्रार्थना असणारच. अशा यंत्रावरचे संरक्षक कवच उत्पादन वाढावे म्हणून जो काढून ठेवतो, त्याने वाहिलेल्या माळेचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न मालकाने, सुपरवायझरने आणि स्वतः कामगारानेही स्वतःला विचारण्याजोगा आहे. इंद्रायणीचेही तसेच आहे. घरांचे आणि उद्योगांचे सांडपाणी मिसळल्याने आळंदीजवळ तिच्या पात्रावर फेस तरंगताना वारंवार दिसला आहे, आणि त्याच पाण्याचे तीर्थ म्हणून आचमन केले जाते. तीरावरची प्रार्थना आणि वरच्या अंगाला सोडलेले पाणी यांची जबाबदारी अनेकदा त्याच समाजावर, क्वचित त्याच माणसावर असते. ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण करताना पसायदानात स्वतःसाठी काही न मागता दुष्टांचा दुष्टपणा जावा आणि सर्व जीवांत मैत्री नांदावी, असे मागितले. ते मागणे रोज म्हणणाऱ्यावर नदी, शेजारी आणि सहकारी यांचे ऋण आपोआप चढते.

या सर्व विवेचनावरून प्रार्थनेच्या आत्मपरीक्षणाची दिशा ठरविता येते. प्रार्थनेत किती समाधान वाटले, हा तिचा मुख्य निकष होऊ शकत नाही, कारण समाधान हे झोप, प्रकृती आणि परिस्थितीवरही अवलंबून असते. तुकारामांसारख्याच्या वाट्यालाही कोरडे दिवस आले, आणि त्या दिवसांत त्यांनी जे केले त्यातच त्यांचे थोरपण आहे. मागितले ते मिळाले की नाही, हाही निकष अपुरा आहे, कारण त्यामुळे आराध्य हे केवळ इच्छापूर्तीचे साधन ठरते. विचारावयाचे ते प्रश्न वेगळे आहेत. नेमाविषयी असा की, मन लागत नसतानाही आपण प्रार्थनेला हजर राहतो का, आणि नेम मोडला तर पुन्हा सुरू करण्याची नम्रता आपल्यात आहे का. संवादाविषयी असा की, आपण जे बोलतो ते खरे आहे का, की आराध्यापुढेही आपण सभ्य आणि सजवलेलेच रूप दाखवतो. राग, मत्सर, भीती आणि शंका यांना आपल्या प्रार्थनेत जागा आहे का. आचाराविषयी असा की, प्रार्थनेवरून उठल्यानंतर घरातील माणसांना, हाताखालच्या माणसांना आणि ज्यांच्याकडून काहीच लाभ होणार नाही अशांना आपल्या प्रार्थनेचा काही उपयोग होतो का. हे तीन प्रश्न परस्परांना सावरतात. संवादाविना नेम कोरडा होतो, नेमाविना संवाद क्षणिक होतो, आणि आचार सुटला तर या दोहोंचे रूपांतर दंभात होते.

चिंचवडच्या मोरया गोसावींच्या घराण्यातील चिंतामणी महाराजांनी तुकारामांना भोजनास बोलावले आणि तुकारामांनी त्यांना ‘देव’ म्हणून संबोधले, तेव्हापासून त्या घराण्याचे आडनाव देव झाले, अशी कथा परंपरेत सांगतात. गाणपत्य आणि वारकरी या दोन उपासना एका पंगतीत बसल्याची ही आठवण या प्रदेशाला शोभणारी आहे, आणि आज येथे नांदणाऱ्या त्याहून अधिक उपासनांसाठी ती मार्गदर्शकही आहे. दुसऱ्याच्या प्रार्थनेची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. जिची परीक्षा घ्यावयाची ती आपल्या हातात असलेली एकच प्रार्थना आहे, आणि ती आपली स्वतःची होय.

म्हणून वाचकाला एवढीच विनंती आहे की, त्याने या विषयाकडे केवळ इतिहास किंवा तत्त्वज्ञान म्हणून पाहू नये. जो ज्या दैवताला मानतो त्याच्यापुढे, आणि जो कोणतेही दैवत मानत नाही त्याने आपल्या विवेकापुढे, दिवसातून थोडा वेळ निवांत बसावे, दिवसभराचे वागणे जसे झाले तसे न सजवता मांडावे, ज्याचे देणे लागते ते दुसऱ्या दिवशी चुकते करण्याचा निश्चय करावा आणि मग उठावे. याला मोठी विद्वत्ता लागत नाही, वेगळी खोली लागत नाही आणि फार वेळही लागत नाही. सातत्य आणि खरेपणा मात्र लागतो. तेवढे ज्याच्याजवळ आहे, त्याने आजच आरंभ करावा.